एकसष्ट नंबरचा चिमटा

सोमवारी सकाळी नेलिसने आपली गाडी टॉवेलात गुंडाळून आणली आणि सारेल लाटेगानच्या गॅरेजातल्या टेबलावर ठेवली. "बघा ऊम, काय उरलंय ते," तो म्हणाला. ऊम म्हणजे काका; क्लबात सगळे सारेलला तीच हाक मारायचे.

सारेलने टॉवेल उलगडला. चासीची पट्टी पुढून वर वळली होती. पुढचे दोन्ही शॉकअप मोडले होते, एकातलं तेल टॉवेलभर झालं होतं, आणि डावं चाक एकाच स्क्रूवर लोंबत होतं. रिमोटवर पळणारी हातभर लांबीची गाडी, पण खऱ्या गाडीसारखंच तिला पेट्रोलचं इंजिन होतं, क्लच होता, ब्रेक होता. नेलिसने तिच्यावर दोन वर्षं जीव लावला होता.

"रविवारपर्यंत होईल?"

"होईल."

"होणारच! ऊमनी हात लावला की मेलेली गाडी उठते." नेलिस खुशीत आला, मग त्याचा चेहरा पुन्हा आंबट झाला. "आणि रविवारी मीटिंग आहे, लक्षात आहे ना? आट्टीला मी स्पष्ट सांगितलंय. त्या बाईचं नाव क्लबातून कटाप. नियम म्हणजे नियम."

सारेल "हं" म्हणाला. ती गाडी त्यानेच मोडली होती, आणि हे जगात त्याच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

आता सारेलबद्दल सांगायचं तर हा माणूस जन्माला आला तोच काळजी घेऊन. वय त्रेसष्ट. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रॅकपानच्या सोन्याच्या खाणीत, माणसं खाली सोडणाऱ्या पाळण्याच्या इंजिनावर चौतीस वर्षं फिटर. खाणीत उतरणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला तिथल्या फळ्यावर अडकवून जायचा, वर आला की काढून घ्यायचा. फळ्यावर एक जरी बिल्ला लटकत असला तरी दुरुस्तीसाठी इंजिनाच्या कळीला हात लावायचा नाही. सारेलच्या पाळीत चौतीस वर्षांत ही चूक एकदाही झाली नाही. हे तो कधी कोणाला सांगायचा नाही, पण त्याच्या बायकोला, टर्शियाला, दुसऱ्यांना सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. त्याच्यावर ती हसायचीही तितकीच. "आमच्या दाराला तीन कुलपं," ती म्हणायची. "एक दाराला आणि दोन सारेलच्या डोक्यात." घरातून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही हे बघायला हा माणूस कोपऱ्यावरून परत यायचा. तेही त्यांच्याकडे विजेची शेगडी असताना!

असल्या माणसाला निवृत्तीनंतर गाड्यांचा नाद लागला. लागणारच. त्या गाड्यांना काळजीच तर लागते. दर रविवारी धूळ खाऊन आल्यावर सगळी खोलायची, बेअरिंगं धुवायची, हवेच्या फिल्टरच्या स्पंजाला तेल पाजायचं, शॉकअपमधला हवेचा एकेक बुडबुडा काढायचा, दात्यांच्या मधे कागदाची पट्टी घालून तेवढीच फट राखायची. दुसरे कंटाळायचे. सारेलला त्यात सुख होतं. वर्षभरात निम्म्या क्लबाच्या गाड्या त्याच्याच टेबलावर यायला लागल्या.

आमचा ट्रॅक खाणीच्या पिवळ्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी. तिथे सारेलने पहिली गोष्ट केली ती म्हणजे फळा. हा तो काळ, जेव्हा प्रत्येक रिमोटमध्ये नखाएवढा क्रिस्टल असायचा आणि त्या क्रिस्टलला नंबर असायचा. एकाच नंबरचे दोन रिमोट एका वेळी चालू झाले, की गाडीला कळत नाही कोणाचं ऐकायचं. मग ती कोणाचंच ऐकत नाही. म्हणून सारेलने कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणले, प्रत्येकावर एक नंबर रंगवला, आणि ते फळ्यावर ओळीने लावले. एका नंबरचा चिमटा एकच. तो फळ्यावरून काढायचा, आपल्या रिमोटच्या एरियलला लावायचा, मगच कळ दाबायची. काम झालं की परत आणून लावायचा. फळ्याच्या वर त्याने लाल अक्षरांत लिहिलं होतं: चिमटा नाही, तर कळ नाही. नऊ वर्षं हा नियम चालला. एकदा आट्टीने, म्हणजे खुद्द अध्यक्षाने, चिमटा न घेता रिमोट चालू केला, तर सारेलने भर उन्हात सगळ्यांदेखत त्याला असं झापलं की तो महिनाभर गुपचूप होता.

आणि आता हे.

झालं ते असं. सारेलचा जुना रिमोट चौपन्न नंबरचा. क्लबात चौपन्न दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. म्हणजे तो चिमटा घेतला काय आणि न घेतला काय, सारखंच. पहिली दोनेक वर्षं तो नेमाने घ्यायचा. मग फळा आपल्याच टेबलाशेजारी आहे, चिमटा समोर दिसतोय, उठायचं कशाला, असं होत होत हातच जाईनासा झाला. दुसऱ्यांना शिस्त लावणाऱ्याला कोण विचारणार? त्याचं त्यालाही हे जाणवत नव्हतं.

गेल्या महिन्यात त्याने नवा रिमोट घेतला. घेऊ की नको करत चार महिने काढल्यावर घेतला. सोबत गाडीचं स्टिअरिंग फिरवणारी मोटरही नवी, धातूच्या दात्यांची. जुनीचे प्लास्टिकचे दाते झिजले होते. त्या रविवारी सकाळी त्याने ती बसवली, नवा रिमोटही पहिल्यांदाच खोक्यातून काढला, आणि तेव्हापासून ती किंचित गुणगुणते आहे की काय, अशी शंका त्याच्या डोक्यात शिरली. नवा भाग गाडीत गेला की त्याचं असंच व्हायचं. भाग नीट आहे हे कळेपर्यंत घास उतरायचा नाही.

तिकडे शेवटची शर्यत चालली होती. नेलिस पहिला होता, दुसऱ्याहून अर्धा फेरा पुढे. सारेल आपल्या टेबलाशी वाकून बसला होता. गुणगुण आहे की नाही? शर्यत संपायला पाच मिनिटं होती. हा थांबला असता तर पाच मिनिटांत जग काही बुडत नव्हतं. पण थांबला नाही. त्याने नव्या रिमोटची कळ दाबली आणि मोटरवर जोर यावा म्हणून स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं.

ट्रॅकवरून इंजिनाची किंकाळी आली.

त्याने मान वर केली तेव्हा नेलिसची गाडी सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात होती. ती खाडकन उजवीकडे वळली, टायरांचा बांध ओलांडून उडाली, फेऱ्या मोजणाऱ्यांच्या टेबलाकडे गेली. आट्टी तिथेच उभा होता. त्याच्या नडगीला वीतभर अंतराने चुकवून गाडी सिमेंटच्या खांबावर आदळली. तो आवाज ऐकल्यावर सारेलचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. नवा रिमोट. आत कंपनीने घातलेला क्रिस्टल. एकसष्ट. त्याच नंबरचा चिमटा नेलिसच्या एरियलला होता.

त्याने कळ बंद केली आणि रिमोट खोक्यात ठेवला. एवढं त्याच्या हातांनी केलं. त्याला विचारलं असतं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की आपण काहीच केलं नाही, नुसते बसून राहिलो.

"एकसष्ट कोणाकडे आहे?" गाड्या चालवणारे उभे राहतात त्या उंच माचीवरून नेलिस ओरडला. "कोणी चालू केला एकसष्ट?"

सगळ्यांच्या माना एका दिशेला वळल्या. दुसऱ्या टोकाच्या टेबलाशी पुलेंग सेखोतो उभी होती, आणि तिच्या हातात तिचा रिमोट होता. तिची शर्यत आधीची. ती एरियल पुसून आत ढकलत होती. तिचाही नंबर एकसष्ट, हे सगळ्यांना माहीत होतं. सारेलच्या नव्या रिमोटमध्ये काय आहे, हे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"माझा बंद आहे," पुलेंग म्हणाली. "मी चिमटा परत लावला. नेलिसने तो माझ्यासमोर घेतला."

"मग गाडीत काय भूत शिरलं?" नेलिस म्हणाला.

पुलेंग नगरपालिकेत वायरमन. शेजारच्या त्साकाने वस्तीतून येणारी, तिशीची, हाताची पक्की. जानेवारीत तिने कोणाची तरी जुनी गाडी घेतली आणि यायला लागली. क्लबात बायका दोन. त्यातली एक कॉफी आणि सॉसेज बघायची. काळी ती एकटीच. हे कोणी बोलून दाखवत नसे आणि कोणी विसरतही नसे. "चुकून लागली असेल कळ," कोणीतरी म्हणालं. "नवीन आहेत बिचाऱ्या," दुसरं कोणी म्हणालं. त्या 'बिचाऱ्या'त किती विष होतं ते पुलेंगला बरोबर कळलं. तिने सारेलकडे बघितलं. फळा तो सांभाळायचा. सारेलने खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली.

ती बांधलेलीच होती.

तर असा तो सोमवार. नेलिस गेल्यावर सारेलने गाडी खोलायला घेतली. एरवी तो एकेक स्क्रू काढून बाटल्यांच्या झाकणांत ओळीने ठेवायचा, पुढचे पुढे, मागचे मागे. आज चौथ्या स्क्रूलाच पेचकस घसरला. त्याने वळलेली पट्टी काढली, नवी बसवून पाहिली. मागच्या चाकांचा डिफरन्शल उघडला, दाते शाबूत होते. इंजिनात माती गेली होती. प्रत्येक जखम बघताना ती कशाने झाली हे त्याला माहीत होतं, आणि हे फार वाईट असतं. दुसऱ्याची चूक दुरुस्त करताना माणूस शिव्या घालून मोकळा होतो. इथे शिव्या तरी कोणाला घालायच्या?

"आज काय इंजिनाशी बोलत नाहीस?" टर्शियाने कॉफी आणि रस्क आणून ठेवले. "एरवी तर बायकोपेक्षा त्यालाच जास्त लाडाने हाका मारतोस."

"डोकं दुखतंय."

"डोकं दुखतंय की डोक्यात काहीतरी शिजतंय?"

त्याने रस्क कॉफीत बुडवला, तो तुटून आत पडला, आणि त्याने तो चमच्याने काढलासुद्धा नाही. टर्शियाने ते पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हा माणूस रस्क वाया घालवताना पाहिला नव्हता.

बुधवारी दुपारी पुलेंग आली. कामावरून थेट, अंगात नगरपालिकेचा निळा डगला, हातात कागदाची पिशवी. पिशवीत गरम तळलेले गोल पाव. त्साकानेच्या नाक्यावरचे, सारेलला आवडतात म्हणून.

"ऊम, बिझी आहात?"

"नाही, नाही. ये ना." टेबलावर नेलिसची गाडी उघडी पडली होती. सारेलला वाटलं, तिच्यावर काहीतरी झाकावं.

पुलेंगने गाडीकडे बघितलं. "चांगलीच लागलीय हिला." मग ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बोलायला लागली. "आट्टीने मला सांगितलंय, रविवारी सगळ्यांपुढे खुलासा द्या. मी काय खुलासा देणार? केलंच नाही त्याचा खुलासा कसा असतो? ऊम, तुम्ही फळ्याशी होता. मी चिमटा परत लावला ते तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग तेवढं सांगा. तुमचं सगळे ऐकतात."

"चिमटा लावला हे सांगीन. पण रिमोट चालू होता की बंद, ते—"

"बंद होता!" ती एकदम म्हणाली, मग आवाज खाली आणला. "मी वायरमन आहे, ऊम. खांबावर चढताना खालचा माणूस कळ दाबणार नाही, या भरवशावर मी रोज चढते. मी असं करीन? तुम्ही तरी मला ओळखता."

सारेलला वाटलं, हिला आता सांगावं. आत्ता. ती स्टुलावर आहे, मी इथे आहे, मधे फक्त ही गाडी आहे. त्याने तोंड उघडलं.

"मी बघतो काय करता येतं ते," तो म्हणाला.

"एवढं केलंत तरी पुष्कळ." ती उठली. "खा, थंड होतील."

त्याने दोन खाल्ले. तिने समोर धरले होते, नाही कसं म्हणायचं? गेट उघडून ती बाहेर जाईपर्यंत त्याने तिला हात केला. मग नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि स्वतःलाच म्हणाला, "सारेल, तू हलकट आहेस." मोठ्याने म्हणाला. बरं वाटलं नाही.

त्या रात्री त्याला एक तोडगा सुचला, आणि सकाळी उठल्याबरोबर तो त्याला देवाने पाठवल्यासारखा वाटला. गाडीत रिमोटचं ऐकणारी जी डबी असते, तिच्या वायरीला सोल्डरचा डाग त्यानेच दिला होता, मागच्या पावसाळ्यात. तो डाग सुटला म्हणायचं. डाग सुटला, गाडी बहिरी झाली, सुसाट गेली. कोणाचाच दोष नाही. म्हणजे दोष सारेलचा, पण किती छोटा! पुलेंग सुटली, सारेल सुटला, नेलिसला फुकट दुरुस्ती. त्याने वायर हातात घेतली. डाग चकचकीत, गोल, पक्का होता. त्याने तो तापवून सुटा केला. चौतीस वर्षांत त्याने चांगला जोड मुद्दाम तोडला नव्हता. त्यात त्याचं बोट भाजलं.

दुपारी नेलिस आल्यावर त्याने वायर पुढे केली. "हे बघ. डाग सुटलाय. माझीच चूक. त्या पुलेंगचा काही संबंध नाही."

नेलिसने वायर हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली, आणि हसायला लागला. "ऊम! तुमचा डाग सुटला? मग उद्या सूर्य पश्चिमेला उगवेल."

"अरे, होतं कधीकधी."

"तुमचं नाही होत. खांबावर आदळल्यावर सुटला असेल तर सुटला असेल. गाडी त्याच्या आधी वेडी झाली." तो टेबलाला टेकला. "मला कळतंय तुम्ही काय करताय. तुमचं काळीज मऊ आहे. ती इथे येऊन रडली असणार."

"रडली नाही."

"मग गोड बोलली असणार. ऊम, आज हिला सोडलं तर उद्या तिच्यासारखी दुसरी येईल, नियम कोण सांभाळणार? तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? आट्टीची नडगी गेली असती तर?" त्याने सारेलच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही आहात म्हणून क्लब आहे. उगाच स्वतःवर घेऊ नका."

तो गेला. सारेल कितीतरी वेळ वायर धरून बसला. खोटं बोललो तर खोटंसुद्धा माझ्या चांगुलपणाच्या खात्यात जमा होतंय, यावर हसावं की रडावं हे त्याला कळेना. त्याने सोल्डरिंगचं आयर्न तापवलं आणि डाग पुन्हा दिला. पहिल्यापेक्षा चांगला आला. त्याचीच त्याला चीड आली.

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात टर्शिया मटणाचं पातेलं ढवळत होती. तो दारात उभा राहिला. "ती गाडी मी मोडली," तो म्हणाला. मग जे काय होतं ते सगळं सांगितलं, कळ, क्रिस्टल, बुटाची नाडी, पाव, डाग. सांगताना एकदाही थांबला नाही.

टर्शियाने गॅस, म्हणजे शेगडी, बंद केली. "बरं. मग मला का सांगतोस?"

"तुला नाही तर कोणाला सांगू?"

"मला सांगून तुझं पोट हलकं होईल, आणि रविवारी तू पुन्हा नाडी बांधशील. मी ओळखते तुला." ती वळली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, त्याहून वाईट होता. "तुला भीती कशाची आहे रे? क्लबातून काढतील याची?"

"सगळे बघतील."

"बघू देत की! ती पोरगी सहा दिवस तेच तर भोगतेय."

तो मटण जेवला, पण चव लागली नाही.

रविवारी पत्र्याच्या शेडखाली पंचवीस माणसं जमली होती. ढिगाऱ्यावरून वारा सुटला होता आणि पिवळी धूळ सगळ्यांच्या कॉफीत पडत होती. आट्टी उभा राहिला, घसा खाकरला. तो टायरचं दुकान चालवतो, भाषण त्याला जमत नाही. "तर, गेल्या रविवारचा विषय," तो म्हणाला. "पुलेंगताईंनी काय ते बोलावं."

पुलेंग उभी राहिली. हातात घडी केलेला कागद होता. तिने तो लिहून आणला होता, आणि इस्त्रीचा शर्ट घालून आली होती. सारेलला तो शर्ट दिसला. काही न केलेल्या बाईने या शेडसाठी सकाळी उठून इस्त्री केली होती.

"थांब," तो म्हणाला. आवाज इतका लहान निघाला की कोणी ऐकलाच नाही. तो उठला. "थांब, पुलेंग. वाचू नकोस. मी केलं ते."

शेडमध्ये कोणीतरी हसलं. नेलिस म्हणाला, "ऊम, बसा हो. आपलं ठरलंय ना, स्वतःवर घ्यायचं नाही."

"नेलिस, तू गप्प बस!" सारेल ओरडला. तो ओरडला तेव्हा सगळेच गप्प झाले. "तुझी गाडी आण. स्टँडवर ठेव. रिमोट चालू कर."

नेलिसने आणली. दुरुस्त झालेली, पुसलेली, चाकं हवेत. इंजिन बंद. त्याने रिमोट चालू केला, चाकं सरळ झाली. सारेलने खोक्यातून नवा रिमोट काढला. मागचं झाकण उघडून क्रिस्टल आट्टीच्या हातावर ठेवला. आट्टीने चष्मा वर करून तो वाचला. "एकसष्ट," तो म्हणाला, आणि परत दिला.

सारेलने क्रिस्टल आत घातला. "तुमच्यापैकी कोणी तरी मला विचारायला हवं होतं, गाडी उजवीकडेच का गेली," तो म्हणाला. "मोटर गुणगुणते का ते मी बघत होतो. स्टिअरिंग असं धरलं होतं." त्याने कळ दाबली आणि रिमोटवरचं चाक उजवीकडे फिरवलं.

स्टँडवरच्या गाडीची पुढची चाकं थरथरली आणि गचकन उजवीकडे वळली. नेलिस आपल्या रिमोटवर डावीकडे दाबत होता. चाकं उजवीकडेच राहिली.

नेलिसचं तोंड उघडं होतं. "चिमटा?" शेवटी आट्टीने विचारलं.

"घेतला नव्हता. कधीचाच घेत नाही."

आट्टीने टोपी काढली, परत घातली. शिक्षा सांगायची तर होतीच. त्याने सांगितली: हंगाम संपेपर्यंत गाडी चालवायची नाही, फळा दुसऱ्याकडे, आणि दर रविवारी दिवसभर उन्हात ट्रॅकवर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. सारेलने मान हलवली. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार कमी होतं, आणि त्यामुळे जास्त लागलं. कॉफीवाली बाई तर चक्क म्हणाली, "किती मोठं मन ऊमचं, स्वतःहून सांगितलं!" चार जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पुलेंगजवळ कोणी गेलं नाही. नेलिस दोन पावलं तिच्याकडे गेला, "गैरसमज झाला, काय," असं म्हणाला, आणि आपली गाडी उचलून निघून गेला.

माणसं पांगली. पुलेंग अजून कागद धरून उभी होती. सारेल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला कधी कळलं, ऊम?" तिने विचारलं.

"त्याच वेळी. गाडी आदळली तेव्हाच."

"म्हणजे बुधवारी मी तुमच्याकडे आले तेव्हा..."

"माहीत होतं."

"आणि मी म्हटलं, तुम्ही तरी मला ओळखता."

"हो."

"मग का?"

सारेलने या प्रश्नाला पुष्कळ उत्तरं तयार करून आणली होती. घाबरलो. वय झालं. हातून सुटलं. टर्शियासमोर ती एकदा म्हणूनही पाहिली होती. पण त्या इस्त्रीच्या शर्टासमोर एकही वर येईना. "नेलिसने तुझं नाव घेतलं तेव्हा मला हायसं वाटलं," तो म्हणाला. "कोणी शंकासुद्धा घेतली नाही. मला वाटलं, तुझ्या नावावर हे चालून जाईल."

त्याला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर त्याला फार बरं वाटलं असतं. तिने हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली आणि तो खिशात ठेवला.

"चालूनच गेलं असतं, मिस्टर लाटेगान," ती म्हणाली.

तिने आजवर त्याला ऊमशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. माचीवरून पहिल्या शर्यतीची नावं पुकारली जात होती. त्यात तिचं होतं, आणि ती गाडी घेऊन निघाली.